डोक्यावरचा हात

२ फेब्रुवारी
पोचले! बोटीत आतडी बाहेर आली, पण पोचले. फिजीचं हे बेट एवढंसं — नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमधून रिक्षा सुटेपर्यंत अख्खं पायी फिरून होईल. दवाखान्यात मी आणि एक फ्रिज. पगार नाही, खोली-जेवण गावाकडून. निघताना साक्षी म्हणाली, "आई, रिटायर झालीस ना? नाशकात बस की आता निवांत!" का बसू? जन्मभर नर्स होते, आता हात काय गंजवायला ठेवू?

७ फेब्रुवारी
नारळ, मासे, नारळ. ठेचा संपत आला. तरी जाणार नाही!

१२ फेब्रुवारी
डोकं फिरलंय! समोरची लितिया — गावच्या बायकांची पुढारी, रोज ताट पाठवणारी. तिची पोर न रडता कडू औषध प्यायली. शाबास म्हणून डोक्यावर हात ठेवला, आपण ठेवतो तसा. लितियाने पोरीला हिसकून ओढलं. "हात लावू नका!"

हे ऐकायला समुद्र ओलांडला का मी? सिन्नरकडच्या आमच्या गावात माझ्या आईला पाणी वरून ओतायचे. "शके, लांब उभी ऱ्हा!" आईने ऐकून घेतलं. मी नाही घेणार! तोंडावर सांगितलं — माझ्या हाताने कुणी बाटत नाही. रात्रीचं ताट परत पाठवलं.

साक्षीला फोनवर हे बोलून बसले. ती लगेच, "बघ! उद्याची बोट धर आणि ये." लितियाने नको म्हटलं तर तसंही जावंच लागेल.

१३ फेब्रुवारी
बोट गेली. मी इथेच. बिस्किटं खाल्ली.

१५ फेब्रुवारी
चर्च सुटल्यावर शाळेत शिकवणारी सेरा आली. "सिस्टर, इथे कुणीच कुणाच्या डोक्याला हात लावत नाही. डोकं पवित्र. परक्याने तर नाहीच."

म्हणजे माझ्या हाताचा प्रश्नच नव्हता! मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि रागही आला — सिन्नरकडच्या त्या लोकांचा. इतक्या वर्षांनी, इतक्या लांब, अजून माझ्या कानात तेच बोलतात.

इथे माफी रिकाम्या हाताने मागत नाहीत. सेराने यांगोनाच्या — इथे ज्याचं पेय करतात त्या झाडाच्या — मुळ्यांची जुडी दिली, ती लितियापुढे ठेवून चटईवर बसले. मान खाली घातली. मला जमत नाही, पण घातली. "चुकले. काढलंत तर जाईन, आपणहून जाणार नाही." तिने जुडी घेतली. आणि आत निघून गेली.

१८ फेब्रुवारी
ताट नाही. दवाखान्यात कुणी फिरकलं नाही. फरशी दोनदा पुसली. बोट परवा. साक्षी रोज विचारते — निघालीस का? नाही, नाही, नाही!

२० फेब्रुवारी
सकाळीच लितिया दारात. एका हातात पोर, दुसऱ्यात फणी. खाली बसली आणि पोरीचं डोकं सरळ माझ्या मांडीवर ठेवलं. "उवा झाल्यात, सिस्टर. तुम्हीच बघा."

साक्षीचा फोन वाजत राहिला. माझे दोन्ही हात गुंतले होते.