ठेकेदाराची सही नसलेला अर्ज

तीर्थस्वरूप दाजींना मारुतीचा दिल्लीहून नमस्कार.

तुमची साखर आणि अक्काचा गुडघा, दोन्ही काबूत असतील असं धरतो. (अक्काला फोनवर गुडघ्याचं विचारलं की ती तुमच्या साखरेचंच सांगते.) कांता आणि मी मजेत. बातमी आधी सांगून टाकतो: मला इलेक्ट्रिकल सुपरवायझरचं लायसन मिळालं.

फौजेतून पेन्शनीला आल्यावर गुरुग्रामच्या एका सोसायटीने मला नोकरी कबूल केली, सहा उंच इमारतींची वीज सांभाळायची. अट एकच, महिनाअखेरीपर्यंत लायसन हवं. मी ऐटीत तिथल्या सरकारी परवाना कचेरीत अर्ज घेऊन गेलो. खिडकीवर देविका नावाच्या मॅडम. त्यांनी माझी फौजेतली विजेच्या कामाची चोवीस वर्षं शांतपणे वाचली आणि म्हणाल्या, "अंकल, तजुर्बा तो है, पर किसी ठेकेदार के साइन नहीं हैं." नियमच तसा होता, नुसता अनुभव पुरत नाही, लायसनवाल्या ठेकेदाराच्या हाताखाली काम केल्याचा दाखला हवा. आता बर्फातल्या चौकीवर ठेकेदार कुठून आणायचा? (तिथे पोस्टमनसुद्धा महिन्यातून एकदा यायचा.)

कुणी सांगितलं म्हणून करोल बागेतल्या एका ठेकेदाराकडे गेलो. माणूस बोलायला गोड. "पहले आपका हाथ देखते हैं," म्हणत त्याने माझ्याकडून दुकानाचा इन्व्हर्टर दुरुस्त करून घेतला, मग दोन पंखे, मग वरच्या मजल्यावरच्या त्याच्या सासूबाईंचा गीझर. चौथ्या दिवशी कळलं, त्याचं स्वतःचंच लायसन संपून तीन वर्षं झालीत. दुसऱ्या दिवशी कांताने माझा डबाच भरला नाही.

महिना संपायला पाच दिवस उरले तेव्हा, खोटं कशाला सांगू, मी खचलो होतो. चोवीस वर्षं केलं ते कुठल्याच रकान्यात बसत नाही, हे जिव्हारी लागलं होतं. आणि देविका मॅडमचा फोन आला. नियम बदलला होता. फौजेचा दाखला आता चालणार होता, वर फक्त तोंडी परीक्षा. माझा अर्ज त्यांनी परत न पाठवता जवळ ठेवून घेतला होता.

परीक्षेत विचारलं, अर्थिंग कसं करता? मी विचारलं, कुठल्या जमिनीत? आणि जमीन दगडासारखी गोठते तिथे आम्ही काय काय केलं ते सांगत सुटलो. भानावर आलो तर तिन्ही परीक्षक पेनं खाली ठेवून ऐकत होते. एकाने चहा मागवला.

बाहेर पायरीवर बसून कांताला फोन लावला, तर माझ्या तोंडून शब्द फुटेना. ती म्हणाली, "जाऊ द्या हो, घरी या, पिठलं टाकते." नापास झालो असंच तिला वाटलं. खरं सांगितल्यावर म्हणाली, "मग पिठल्याबरोबर शिराही करते."

तुमचा,
मारुती

ता. क. नव्या घराच्या वायरिंगसाठी तुम्ही मला बोलावलंत, पण हे लायसन गुरुग्रामकडच्या राज्यापुरतंच आहे. तिकडे पक्कड हातात धरणंही नियमात बसत नाही. एवढं अक्काला तुम्हीच समजावा.

ता. क. दाजी, मी कांता. पाकीट मी चिकटवते म्हणून वाचलं. वास्तुशांतीची तिकिटं काढलीत, आम्ही दोघं येतोय. तेवढं वायरिंग आधीच कुणाकडून उरकून भिंती रंगवून घ्या. एक जरी वायर उघडी दिसली तर हे जेवायलाही शिडीवरून उतरायचे नाहीत.