साक्षीच्या दिवशी मी आले नाही

प्रिय आई,

आज कल्याणच्या कोर्टात गेलेले. घाबरू नकोस, काही केलं नाहीये मी! आमच्या क्रिमिनॉलॉजीच्या वर्गाची भेट होती, सरांनी आम्हा वीस जणांना नेलेलं. पण तिथे एका बाकड्यावर दहा मिनिटं बसले आणि तेव्हापासून तुझ्याशी बोलायचंय. दुसऱ्या कुणाला सांगू हे?

तुला तर हेही माहीत नाही की मी कॉमर्स सोडलं. तू गेलीस तेव्हा मी एफवायला होते. पोरगी सीए होणार म्हणून तू अख्ख्या मोहने गावात सांगून ठेवलेलंस! आता ठाण्याच्या कॉलेजात बी.ए. करतेय. माणूस गुन्हा का करतो, शिक्षा कशासाठी असते, ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं पुढे काय होतं, असं सगळं शिकवतात. बाबांना मात्र अजून नाव जमत नाही. परवा कामावर, खोपटच्या एसटी डेपोत, त्यांना कुणीतरी विचारलं, "मुलगी काय करते?" तर म्हणाले, "गुन्हेगारी शिकते." सगळं वर्कशॉप हसलं म्हणे. तू किती हसली असतीस गं!

या सगळ्याची सुरुवात खालच्या मजल्यावरच्या रेश्मापासून झाली. मी दहावीत होते. नवऱ्याने तिला जिन्यावरून ढकललं आणि तिचा हात मोडला. तो म्हणाला, पाय घसरला. बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. तू तेव्हा वरच्या वळणावर उभी होतीस. तू एकटीच म्हणालीस, "घसरली नाही. त्याने ढकललं. मी बघितलं." आणि जाऊन पोलिसांना जबाब देऊन आलीस.

मग काय झालं ते तुला माहीतच आहे. तुझ्याकडे ब्लाउज शिवून घ्यायला येणाऱ्या बायका यायच्या बंद झाल्या. समोरून आल्या की मोबाइलमध्ये बघायच्या. बाबा म्हणाले, "आपल्याला इथेच राहायचंय, एवढं लक्षात ठेव." आणि मी? मी तर सरळ म्हणाले, "आई, सांग ना नीट दिसलं नाही म्हणून. कोण तपासायला येणारे?"

तू मशीन थांबवलंस. ओरडली नाहीस. "उद्या तुला कुणी ढकललं, तर बघणारीने काय सांगावं गं?" एवढंच विचारलंस. मी पाय आपटत आत गेले.

दोन वर्षं तारखा पडत राहिल्या. कधी जजसाहेब रजेवर, कधी रेश्माच्या नवऱ्याचा वकील आजारी. तू सकाळी इस्त्रीची साडी नेसून जायचीस आणि दुपारी तशीच परत यायचीस.

आणि मग साक्षीचा दिवस. आई, हे मी आजवर कुणाला बोलले नाही. आदल्या संध्याकाळी तू विचारलंस, "उद्या येशील का गं माझ्यासोबत? एकटीला कसंतरीच होतंय." मी म्हणाले, "माझं प्रॅक्टिकल आहे." बारावी कॉमर्सला कसलं आलंय प्रॅक्टिकल! तुला कळलं असणार. तरी म्हणालीस, "बरं, नीट कर."

मी डोंबिवलीला मैत्रिणीकडे पिक्चर बघत बसलेले. कोर्टाच्या आवारात कुणी ओळखीचं दिसेल, कॉलेजात बोलतील, याची लाज वाटत होती. तुझी लाज वाटत होती मला.

घरी येऊन विचारलं, "काय झालं?" तू म्हणालीस, "झालं." आणि कुकर लावलास. का गं असं? रागवायचं तरी! एक शब्द टाकला असतास तर निदान भांडलो असतो, मग बोललो असतो. पण तू ना, दुखलेलं सगळं स्वतःपाशीच ठेवायचीस. मला माफी मागायचीही धड संधी दिली नाहीस.

मी एफवायला गेले त्या पावसाळ्यात तो ताप आला, आणि पाचव्या दिवशी तू नव्हतीसच.

तू गेल्यावर सात महिन्यांनी निकाल लागला. त्याला शिक्षा झाली, आई! रेश्मा निकालाची आणि तुझ्या साक्षीची प्रत घेऊन आली. आता बदलापूरला भावाकडे राहते, एका दवाखान्यात नोकरी करते. दारातच रडायला लागली. "काकूंना वाचून दाखवायचं होतं," म्हणाली.

मी ती साक्ष वाचली. इतक्या कोरड्या भाषेत टाइप केलेली, तरी तुझा आवाज येत होता. रेश्माच्या नवऱ्याच्या वकिलाने विचारलेलं, तुम्हाला सुईत दोराही ओवता येत नाही, मुलगी ओवून देते, हे खरं आहे का? खाली तुझं उत्तर होतं: "हे खरे आहे. मला जवळचे दिसत नाही. लांबचे स्पष्ट दिसते."

मुलगी ओवून देते! त्या कागदावर मी होते, आई. तुझ्या शेजारी मात्र नव्हते.

पुढच्याच आठवड्यात मी नव्या कॉलेजचा फॉर्म आणला. वाटलेलं बाबा चिडतील. त्यांनी फॉर्म शेवटपर्यंत वाचला. "तेव्हा मी पण गेलो नाही तिच्यासोबत," एवढंच म्हणाले आणि सही केली.

तर आज. कोर्टरूमच्या बाहेर एक काकू बसलेल्या, शहाडच्या. हातात समन्सचा कागद, घामाने मऊ झालेला. मला विचारलं, "आत काय काय विचारतात गं?" सरांनी आधीच बजावलेलं, साक्षीदाराशी केसबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. मी म्हणाले, "ते मला सांगता येणार नाही, काकू."

"मग पाणी तरी देतेस का?"

बाटली दिली आणि बाजूला बसले. "सोबत कुणी नाही आलं?"

"घरात कुणाला पसंत नाही मी आलेली." त्यांचा पाय सारखा हलत होता. तुझाही हलत असेल का गं?

थोड्या वेळाने शिपायाने सांगितलं, आज होणार नाही, पुढची तारीख. काकू उठल्या. मी घाईघाईने विचारलं, "त्या दिवशी मी येऊ?" त्यांनी मला नीट निरखून बघितलं. "तुला काय पडलंय?" मग त्याच म्हणाल्या, "ये. बरं वाटेल."

शिकून झालं की मला हेच काम करायचंय, साक्ष द्यायला येणाऱ्यांच्या सोबतीचं. सर म्हणतात, आपल्याकडे अशा नोकऱ्या फारशा नाहीतच. नसेनात! तुझी ती सकाळ मला परत मिळणार नाही, कितीही शिकले तरी. हे कळतं मला, आणि तरी रोज कोर्टातल्या त्या बाकड्यावर यावंसं वाटतं, तुझ्याजवळ.

पण पुढच्या महिन्यात लेक्चर बुडवून शहाडच्या काकूंजवळ बसेन. परत तारीख पडली तर परत जाईन, त्यांची साक्ष होईपर्यंत. शब्द देते, आई. या वेळी खरंच जाईन.

तुझी,
प्राची