पाटावरचं घर

सांगली, १९ जानेवारी १९७५

चि. सौ. शरयूस दादाचे पोटभर आशीर्वाद.

शाळेच्या मुलींना घेऊन पाटणला सुखरूप पोचलीस ना? इथे माझं मात्र चित्त थाऱ्यावर नाही. काल तुम्हांला आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा दाखवली तेव्हापासून घास उतरत नाही. तुझी वहिनी म्हणते, लग्नानंतर पहिल्यांदाच पानात भाकरी उरली.

तो हलता पाट तू पाहिलासच. गिरणीच्या जुन्या मोटरीवर फळी हलते, फळीवर दगडमातीची दोन इवली घरं. भूकंपात कुठलं टिकतं, कुठलं पडतं ते शाळकरी मुलांना दाखवायचं. घर पडलं की टाळ्या पडतात आणि मी खूश. अगं, कोयनाकाठच्या पोरींपुढे भूकंप करून दाखवताना मला काहीच कसं सुचलं नाही! अक्कल गहाण टाकली होती मी.

तू मुलींना घेऊन पाणी प्यायला गेलीस तेव्हा ती सडपातळ मनू एकटी मागे राहिली. पडलेलं घर तिनं स्वतः पुन्हा रचलं. रुमालाला गाठ मारून बाहुली केली, आत निजवली आणि पाडा म्हणाली. पडलं. मग पुन्हा रचलं, बाहुली लांब, प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवली आणि पुन्हा पाडा म्हणाली. तेही पडलं. तेव्हा एवढंच म्हणाली की, सर, ती घरात नव्हती तरी पडलं की. आणि बाहुलीची गाठ सोडून त्या रुमालात तोंड लपवलं! शरयू, कोण गं ही मुलगी? काय करून बसलो मी?

माया पातळ करू नकोस.
तुझा चिंतामणदादा

पाटण, २४ जानेवारी १९७५

ती. दादास शरयूचा शि. सा. नमस्कार.

पत्र वाचलं. मला त्या पोरीनं अवाक्षर सांगितलं नव्हतं.

सदुसष्टच्या भूकंपात ती सात वर्षांची होती. आदल्या संध्याकाळी आजोळाहून घरी आली आणि पहाटे घर पडलं. आई आणि तान्हा भाऊ, दोघंही गेले. घरं आळीतली बरीच पडली, माणसं दगावली ती यांच्याच घरातली. तेव्हापासून आत्या रंगूबाई तिला पांढऱ्या पायाची म्हणते, आणि बाप नाथाजी ऐकून घेतो. आता त्यानं नवं घर बांधलंय. माघात घरभरणी. रंगूबाईचा हुकूम आहे की पोरीनं उंबरा ओलांडायचा न्हाई, तिला आजोळी धाडा. त्या वाडीत शाळा नाही, दादा. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी शेळ्या राखणार.

परवा मनूनं घरात सांगितलं, बाहुली नव्हती तरी घर पडलं. रंगूबाईनं तिच्या मुस्काटात मारली. नाथाजी उठून गेला. आज माझ्या दारात उभा, हातात काठी. म्हणाला, आवं बाई, त्या सायबांचा पत्ता द्या. मी घाबरून दिला. तो आला तर जिभेला लगाम घाल, तुला हात जोडते.

लोभ आहे, तो शाबूत अंगानं करावा.
तुझी शरयू

सांगली, ३० जानेवारी १९७५

चि. सौ. शरयूस आशीर्वाद.

आला होता नाथाजी. काठी पाहून शिपाई आधी पळाला. मी मार खायच्या तयारीत. पण त्यानं काठी कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाला, चालू करा.

एका घराच्या भिंतीत आम्ही आरपार लांब दगड घातलेत, ते उभं राहिलं. दुसऱ्यात ते नाहीत. त्याची भिंत मधोमध उकलली, आतला अर्धा थर आत, बाहेरचा बाहेर. त्या फटीत त्यानं बोट घातलं, बराच वेळ काढलं नाही. मग जमिनीवर बसला. जुन्या घराची भिंत त्यानं स्वतः रचली होती. गवंडी लांब दगड घाल म्हणत होता, यानं दिवाळीच्या आत उरकायचं म्हणून ऐकलं नाही. मला म्हणाला, सायेब, भित मी रचली, आन् सात वर्सं पाय पोरीचं बघत बसलो. शरयू, एवढा बाप्या माणूस माझ्यापुढे हुंदके देऊन रडला.

पण पुढचं ऐक. डोळे पुसून त्यानं विचारलं, लांब दगड नव्या घरातबी न्हाईत, आता वं? भिंत उतरवून पुन्हा रचावी लागेल म्हटलं, तर काठी उचलून तडक निघाला.

जमेल तितक्या लवकर लिही, तोवर जेवत नाही म्हण.
दादा

पाटण, २० फेब्रुवारी १९७५

ती. दादास शरयूचा साष्टांग नमस्कार. आता जेव बाबा.

घरभरणीच्या तोंडावर नाथाजीनं चांगली उभी भिंत पाडायला घेतली. गाव म्हणालं, येडं लागलं गड्याला. रंगूबाईनं ऊर बडवून घेतला. हा कुणालाच बधला नाही. मनू शाळा सुटली की दगड द्यायला जायची, मी पण एक रविवार गेले होते.

काल घरभरणी झाली. उंबऱ्यापुढं सिमेंट ओलं होतं. नाथाजीनं चारचौघांत मनूला हाताला धरून आणलं, तिची दोन्ही पावलं त्या सिमेंटात उमटवली आणि तिलाच पहिली आत घातली.

आता रंगूबाईला रोज त्याच पावलांवर पाय देऊन घरात जायचंय.

तुझ्या मायेच्या भिंतीतही लांब दगड असू दे.
तुझी शरयू