दादाचा मळा

ता. ४ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

माझी बदली झाली. नव्या गावी मला वसतिगृहात एक खाट मिळणार, म्हणून आई तुझ्याकडे येते म्हणते. येते कसली, निघालीच म्हण! जिन्यात भेटेल त्याला सांगतेय, आता मी मुलाच्या मळ्यात राहणार. विहिरीला पाणी किती आणि वांगी लावलीस का, हे विचारायला सांगितलंय. तुझी पत्रं म्हणजे तारा. या वेळी तरी सविस्तर लिही.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नये.

तुझी
टिकली

ता. ११ जून

चि. टिकलीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून घाम फुटला. अगं, कुठली विहीर नि कुठली वांगी! नोकरी लागली तेव्हा मी 'रबराच्या मळ्यात लागलो' असं लिहिलं, कारण सगळे तसंच म्हणतात. चहाचा मळा, कॉफीचा मळा, तसा रबराचा. आईने 'रबराचा' सोडलं आणि 'मळा' तेवढा घट्ट धरला. इथे डोंगरभर एकच झाड, रांगेने लावलेलं, आणि सगळं कंपनीचं. मी साधा मुकादम. माणसं पहाटे खोडांना चिरा पाडतात, वाट्यांत चीक जमतो, तो मी गोळा करून घेतो. राहायला पत्र्याखाली दोन खोल्या.

मी हे कळवलं तर तिला वाटेल, पोरगा टाळतोय. तूच सांग. तुझी जीभ माझ्यापेक्षा मऊ.

काळजी घे. माया कमी करू नकोस.

दादा

ता. १६ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

कोश उघडून आईसमोर बसले. मळा म्हणजे पाणी देऊन भाजीपाला, फळं पिकवतात ती जमीन. आणि त्याच शब्दाखाली चहा-कॉफीची मोठी लागवडही. म्हणजे तुम्ही दोघंही बरोबर! आईने विचारलं, मग त्याला मळेवाला म्हणायचं की नाही? मी नाही म्हटलं. बराच वेळ चष्मा पुसत राहिली. मग म्हणाली, तिकीट काढलंय, जाते.

शनिवारी पोचेल. तिला करमलं नाही तर लगेच कळव. मी नोकरी सोडून परत येईन, पण तिला एकटी ठेवणार नाही.

पत्रातून भेटत जा.

टिकली

ता. २ जुलै

चि. टिकलीस आईचे अनेक आशीर्वाद.

मी सुखरूप आहे. दादाने स्टेशनावर माफी मागायला सुरुवात केली, ती घर येईपर्यंत. मी म्हटलं, आधी पिशवी धर.

दुसऱ्या दिवशी लागवड बघून आले. हो, मी लागवडच म्हणते. मळ्यात कसं, इथे मेथी, तिथे दोडका, डोळ्याला विसावा असतो. इथे एकच झाड किती बघायचं! खोटं कशाला सांगू, जीव उदास झाला. परत जाते म्हणाले. तो तिकिटाची चौकशी करायला गेला.

तेवढ्यात चीक काढणाऱ्या दोघी मला भेटायला आल्या. एकीच्या तोंडून निघून गेलं, की गेल्या हिवाळ्यात मुकादम तापाने खोलीत एकटाच पडला होता. दार तोडायची वेळ आली होती. आणि आपल्याला काय लिहिलं होतं? 'प्रकृती ठीक'!

तो परतल्यावर त्याला असं फैलावर घेतलं म्हणतेस! एवढा मोठा मुकादम, पण उंबऱ्यात बसून ढसाढसा रडला. मग मीही रडले. तिकीट राहिलं.

आता दुपारी तो घरी जेवतो. पूर्वी उभ्याउभ्याच काहीतरी खायचा म्हणे. तू नोकरी सोडायचं मनात आणू नकोस.

एक काम कर. उताराची वाट निसरडी आहे, चपलेने दोनदा आपटले. पाच नंबरचे रबरी बूट पाठव. इथे डोंगरभर रबर आहे, पण बूट एकही मिळत नाही.

जिवाला जप. आठवण येते, येऊ दे.

तुझी आई