दोन डिक्लेर

२९ मार्च २००४, सोमवार

एकशे चौऱ्याण्णव नाबाद. आणि डाव घोषित!

मुलतानची टेस्ट. डबल सेंच्युरीला सहा रन हवे होते. फक्त सहा. कॅप्टनने आत बोलावून घेतलं. किन्हवली स्टँडवरच्या हॉटेलात टीव्हीसमोर आम्ही तीसेक जण. मी उभा राहून निषेध केला. कुंडलिक (आमचा कॅप्टन, विकेटकीपर, डेअरीत कामाला) भजी खात म्हणाला, बरा केला, विकेटी काय आपोआप पडतात? टाइम नको? मी समजावलं की टीम म्हणजे शेवटी अकरा माणसंच. माणसाला मारून टीम जगत नाही. कुंडलिक म्हणाला, भूषण, तू खाली बस आधी, पाठच्यांना दिसत नाय.

ज्याला सेंच्युरी कधी झालीच नाही त्याला हे कळणार नाही.

(मलाही झालेली नाही. पण मला कळतं.)

१ एप्रिल, गुरुवार

जिंकलो. एक डाव आणि बावन्न रन. कुंडलिक मुद्दाम घरी आला, एवढंच सांगायला. मी म्हणालो, ते सहा रन घेऊनही जिंकलोच असतो. तो म्हणाला, असतो. आता असतोच म्हणायचा, जिंकल्यावर.

वाद घालण्यात अर्थ नाही.

४ एप्रिल, रविवार

स्वतःचा आढावा. वय सत्तावीस. बी.ए. घरी ट्यूशन. किन्हवली इलेव्हनकडून नऊ सीझन. हायेस्ट ८३. तेव्हाही कुंडलिकने रनआउट केलं. त्याच्या मते मी पळालोच नाही.

तालुकाभर रबरी बॉलच्या टूर्नामेंट, सहा-सहा ओव्हरच्या. त्यात शंभर कुठून होणार? वर्षात एकच मॅच सीझन बॉलची, दोन दिवसांची, दोन-दोन डावांची. वाशिंदच्या कंपनीच्या टीमबरोबर. तिला आम्ही टेस्ट म्हणतो. यंदा १ आणि २ मे.

यंदा शंभर. उद्यापासून पाचला उठणे. कपाटाच्या आरशासमोर दोनशे स्ट्रेट ड्राइव्ह. चहा बंद.

५ एप्रिल, सकाळी ८.१०

साडेसातला उठलो. अकरा ड्राइव्ह झाले. बारावा ट्यूबलाइटला लागला. आई केरसुणी घेऊन आली. मन खराब झालं म्हणून चहा घेतला.

११ एप्रिल, रविवार

कुंडलिकने मीटिंग बोलावली. कंपनीचे पर्सनलवाले साहेब त्याला म्हणालेत की आम्हाला आमच्या ग्राउंडवर हरवून दाखवा, तुमच्या स्पिनरची नोकरीची फाइल मी स्वतः वर नेतो. त्यांच्या टीमला स्पिनर हवाच आहे. अट एकच, वय अठ्ठावीसच्या आत.

स्पिनर म्हणजे महादू. म्हसा गावचा. दाखल्यावर जन्मतारीख एक जून, सगळ्यांची असते तशी. म्हणजे या एक जूनला अठ्ठावीस पूर्ण. पुढच्या वर्षी विषयच नाही.

आणि महादू म्हणजे आमच्या रत्नाचं, माझ्या धाकट्या बहिणीचं, ठरलेलं स्थळ. ठरलेलं म्हणजे, कल्याणच्या मामांनी सांगितलंय की पोरगा परमनंट झाला की साखरपुडा, नाहीतर नाही. रत्ना चोवीसची आहे. बाबा गेल्यापासून घरात मोठा मी. तेव्हा ही मॅच जिंकणं माझी घरची जबाबदारी आहे. आणि माझ्या शंभराशिवाय कशी जिंकणार? दोन्ही गोष्टी एकच आहेत. कुंडलिकला हे सांगितलं. तो म्हणाला, तू पन्नास कर आणि लवकर कर.

लवकर!

१४ एप्रिल, बुधवार

जयंती. महादू मिरवणुकीला आला होता. नंतर घरी. रत्नाने त्याला सरबत दिलं, मला पाणी. कमी बोलतो पोरगा. माझ्यासमोर तर खुर्चीवरही बसत नाही, दादा तुमी बसा, मी हाय उभा. आवडला मला. त्याला म्हणालो, काळजी करू नकोस, मी आहे.

२५ एप्रिल, रविवार

प्रॅक्टिस. महादूने मला सहा वेळा बोल्ड केलं. मॅटिंग नीट ताणलेली नव्हती.

१ मे, शनिवार. संध्याकाळी

आम्ही १३१. मी ६. बॉलरच्या मागे कंपनीची पांढरी भिंत, बॉल दिसतच नाही. इतरांना कसा दिसला माहीत नाही. ते १४० ला ऑलआउट. महादूला पाच.

ग्राउंडमध्ये लेगला आंबा आहे. त्याला बॉल लागला की दोन डिक्लेर, म्हणजे पळायचं नाही, दोन रन धरायचे. आमच्याकडे सगळ्या ग्राउंडवर हेच. भिंत, गोठा, झाड, सगळ्याला डिक्लेर ठरलेले असतात. दुसरा नियम असा की उद्या सहाला कंपनीचा भोंगा वाजला की मॅच संपली.

उद्याचा कुंडलिकचा प्लॅन: पावणेतीनपर्यंत खेळायचं, मग डाव सोडून द्यायचा. महादूला तीन तास मिळाले तर तो गुंडाळतोच म्हणे. मी मान हलवली. प्लॅन हा प्लॅन असतो.

२ मे, रविवार. संध्याकाळी

शंभर. नाबाद.

क्रमाने लिहितो, कारण लोक उद्या वाट्टेल ते बोलतील.

सकाळपासून खेळलो. पहिल्या तासात माझे तीन कॅच सुटले, म्हणजे ते दबावात होते. पावणेतीनला मी ९१, टीमचे आठ बाद २१४, समोर महादू. मी लेगला मारला. बॉल आंब्याच्या दिशेने. तेवढ्यात कुंडलिक बाउंड्रीवरून दोन्ही हात वर करून ओरडला, डिक्लेर! मी हात केला. अंपायरला म्हणालो, दोन डिक्लेर. अंपायर कंपनीचाच, स्टोअरमधला. त्याने एकदा आंब्याकडे बघितलं, एकदा त्यांच्या कॅप्टनकडे, आणि दोन बोटं दाखवली. ९३.

महादू अर्ध्या पिचवर आला. खाली बघत म्हणाला, दादा, डाव डिक्लेर केला वाटतं. मी म्हणालो, दोन डिक्लेर म्हणाला रे तो, आंब्याला लागला ना. महादू म्हणाला, लागला का? मी म्हणालो, मग मी खोटं बोलतोय? होणाऱ्या मेव्हण्याला तो काय सांगणार. बरं दादा म्हणाला आणि जाऊन उभा राहिला.

कुंडलिक ओरडून लगेच शेडमागे पॅड बांधायला गेलेला. बाहेर येतो तर आम्ही खेळतोय. तसाच पॅड फडफडवत आत धावत आला. मी तेव्हा ९५. पण मंडपातून साहेबच म्हणाले, होऊ द्या हो पोराची सेंच्युरी. त्यांचा कॅप्टन म्हणाला, आमची काय हरकत नाय, पाचच तर पाहिजेत. सगळे हसले. साहेबांपुढे कुंडलिक काय बोलणार? माझ्याकडे बघत उभा राहिला, मग परत फिरला. खिलाडूवृत्ती बघा! समोरची टीम माझ्यासाठी थांबते, आणि आपला कॅप्टन?

९५ ते १०० ला जरा वेळ लागला. त्यांनी सगळे फिल्डर लांब पाठवले, बॉल ऑफला हातभर बाहेर. बॉल आणायलासुद्धा चालत जायचे. मी घाई केली नाही. आउट झालो असतो तर टीमचं नुकसान होतं. महादू ओव्हरला एक रन काढून मला स्ट्राइक देत होता. एकदा त्याने सूर्याकडे बघितलं.

तीन पन्नासला शंभर. टाळ्या वाजल्या. कंपनीच्या अकराही जणांनी वाजवल्या. आमच्या शेडकडे बॅट उंचावली. तिथे सगळे शूजच्या लेस बांधत होते.

त्यांना २२३ हवे होते. त्यांनी प्रयत्नच केला नाही, नुसतं अडवत बसले. महादूने एका बाजूने सलग ओव्हर टाकल्या. पाणी प्यायलासुद्धा थांबला नाही. सात विकेट. भोंगा वाजला तेव्हा नऊ बाद १०२. अंपायरने बेल्स उचलल्या तरी महादू बॉल हातात घेऊन रनअपवर उभा होता. शेवटी कुंडलिकने जाऊन बॉल काढून घेतला.

ड्रॉ. टेस्टमध्ये ड्रॉ हा सन्मानाचा निकाल असतो. एकच विकेट राहिली, म्हणजे आमची बॉलिंग थोडी कमी पडली.

४ मे, मंगळवार

कुंडलिक वाशिंदला जाऊन आला. साहेब म्हणाले, पोरगा चांगला आहे, पण मी वरच्या लोकांना ‘हरलो तर’ असं सांगितलं होतं, हरलो कुठे? पुढल्या वर्षी बघू. कुंडलिकने वयाचं सांगितलं. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला म्हणे.

मग कुंडलिक आमच्या ओट्यावर येऊन तासभर ओरडला. मी डिक्लेर बोल्लो तवा तू माझ्याकडे बघून हात केलास. मी म्हणालो, तो थँक्यू म्हणून. तो म्हणाला, कसला थँक्यू? मी म्हणालो, तू दोन रन दिलेस म्हणून. तो ओट्यावरून उतरला. मग म्हणाला, बॉल आंब्यापासून वीस पावलं लांब पडला होता रे. आणि गेला.

रत्ना दारात उभी होती. किती वेळ, माहीत नाही.

संकल्प: कुंडलिकशी क्रिकेटवर बोलणे बंद.

९ मे, रविवार

पेपरला चार पानी बातमी पाठवली होती. आज दोन ओळी आल्या. वाशिंद येथील दोन दिवसीय सामना अनिर्णित. जागा कमी असेल. निवडणुकीचे दिवस आहेत.

रत्ना आईमार्फत बोलते. त्यांना सांग जेवण वाढलंय. त्यांना म्हणजे मला.

१६ मे, रविवार

मामा आले. महादूचं विचारलं. आईने सांगितलं. मामांनी चष्मा पुसला. म्हणाले, कल्याणला एक स्थळ आहे, पोस्टात आहे, बायको वारलेली, पण सरकारी आहे. आई स्वयंपाकघरात गेली. रत्ना तिथेच होती.

म्हशाला नकार कळवायचं काम मोठ्या भावाचं. मी तयार आहे. पुढच्या रविवारी जातो.

२३ मे, रविवार

गेलो नाही. ऊन.

३० मे, रविवार

गेलो नाही. पाय मुरगळला. (थोडा.) महादूला काय सांगायचं याचे मुद्दे काढले. नोकरी म्हणजेच सगळं नाही, तू अजून तरुण आहेस, सात विकेट कोणी हिरावून घेऊ शकत नाही, वगैरे. चांगले झालेत. अर्धा तास सहज बोलू शकेन.

१ जून, मंगळवार

आज महादूचे अठ्ठावीस पूर्ण. दाखल्यावर. खरी तारीख त्याच्या आईलाही माहीत नाही.

६ जून, रविवार

गेलो. मुरबाडला गाडी बदलली. स्टँडवर मुद्दे परत वाचले.

महादू घरी नव्हता. भिवंडीला गोडाउनमध्ये हमालीला लागलाय, पंधरा दिवस झाले. तिथेच राहतो. त्याची आई होती. मला बघून उठली, पदर सावरला आणि एवढ्या मोठ्याने ओरडली, या बाबा, बसा! की शेजारची बाई बाहेर आली.

मला वाटलं तिलाच कमी ऐकू येतं. म्हणून मीही मोठ्याने बोललो. दोघं ओरडत होतो. मग तिने माझ्या कानाजवळ येऊन विचारलं, औषध चालू हाय का? मी म्हणालो, कसलं? ती म्हणाली, कानाचा. महादू सांगत व्हता, दादांना लांबचा ऐकू येत नाय, म्हणून त्या दिशी घोटाळा झाला. लोक उगा त्यांना बोलतात, बिचाऱ्यांचा काय दोष. त्याने कुंडलिकलाही तेच सांगितलंय म्हणे. सगळ्या टीमला सांगितलंय.

मी चहा प्यायलो.

मुद्दे सांगायची वेळच आली नाही. तिनेच सांगितलं, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून. पोरीला थांबवू नका. आमचा तर आता हमालीवर गेला. त्यानीच निरोप ठेवलाय, दादा येतील, त्यांना सांगायला जड जाईल, तर तूच सांग. शेजारची बाई मान हलवत होती. मग मला हातवारे करून विचारलं, कळला का सगळा?

मी मान हलवली.

गाडीत विचार केला. एका अर्थी बरंच झालं. कानाचा प्रॉब्लेम असलेला माणूस शंभर करतो, ही साधी गोष्ट नाही.

१३ जून, रविवार

स्टँडवर सगळे माझ्याशी मोठ्याने बोलतात. हॉटेलवाला, चहा? कट? असं ओरडतो. कुंडलिक भेटला. ओरडला नाही. नुसता पाठीवर हात ठेवून गेला. ट्यूशनला दोन पालक येऊन आईला विचारून गेले की सरांना शिकवताना त्रास होतो का.

खुलासा करावा म्हटलं. पण काय करायचा? ऐकू येतं म्हणालो तर पुढचा प्रश्न येणार.

पोस्टातले गुरुवारी येऊन रत्नाला बघून गेले. पसंत आहे.

२० जून, रविवार. सकाळी

रत्नाने चहा आणून दिला. दीड महिन्यात पहिल्यांदा, स्वतःच्या हाताने. कप ठेवून समोर बसली. आई विहिरीवर होती. घरात दोघंच.

तिने विचारलं, दादा, तुला ऐकू येतं ना?

मी पेपर वाचत होतो.

तिने परत विचारलं. आवाज वाढवला नाही. होता त्याच आवाजात, तेच शब्द.

मी पान उलटलं. खेळाचं पान होतं.

ती बसली थोडा वेळ. तिसऱ्यांदा विचारलं नाही.