धुऱ्यावरचा गॉब्लिन

मी, श्रीकृष्ण डोमाजी राऊत, वय एकोणपन्नास, धंदा शेती, राहणार बोरी अरब, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहितो. चार वर्षांपूर्वी कार्तिकातल्या एका सकाळी मी तांबडा प्रायमर लावलेला, वीतभर उंचीचा एक गॉब्लिन शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, वाळत ठेवला आणि चहा प्यायला घरी गेलो. परत आलो तोवर त्याचा देव झाला होता. येत्या मंगळवारी नागपुरात माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. खोटा देव मागे ठेवून मला टेबलावर झोपायचे नाही, म्हणून हे लिहिणे.

माझी बुद्धी शाबूत आहे. पन्नाशीला आलेला माणूस बाहुल्या घडवतो म्हणून ज्यांना शंका असेल, त्यांनी आपल्या पोरांच्या लग्नात उडवलेले ड्रोन आठवावेत.

कलम १. घर, सात एकर शेत आणि बँकेत असेल ते पत्नी सत्यभामा हिचे. किती आहे, हे तिला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

कलम २. गॉब्लिन म्हणजे काय, हे कचेरीच्या माहितीसाठी: लांब कानांचे, हिरव्या कातडीचे, बोटभर उंचीचे लबाड सैनिक. टेबलावर दोन सैन्ये मांडून फासे टाकत लढाई खेळतात. विकत मिळणारे प्लास्टिकचे गॉब्लिन सगळे एका साच्यातले. म्हणून मी त्यांचे हात कापतो, मुंडकी बदलतो, नळ जोडायच्या पुट्टीने नवी तोंडे घडवतो. भाल्याऐवजी विळा देतो, लांडग्याऐवजी रानडुकरावर बसवतो. आमच्या तुरीचा रस्ता त्या जनावराला आधीच पाठ आहे. असे एकशे शहाऐंशी नग मित्र संघदीप याला द्यावेत. तो दारव्ह्याला शिक्षक आहे आणि नऊ वर्षे माझ्याकडून हरतो आहे. चूक दर वेळी फाशांचीच असते. अट एकच, सैन्य फोडून विकायचे नाही.

कलम ३. दाभण, बाभळीचे काटे, दाताच्या डॉक्टरांकडून मागून आणलेली आकड्यांची हत्यारे आणि झिजलेले ब्रश मुलगी केतकी हिला. डोळे रंगवताना तिचा हात कापत नाही. चेहरे मात्र तिने ओळखीच्या माणसांचे करू नयेत. का, ते पुढे येते.

कलम ४. थोरले बंधू भगवानराव यांना मी काहीच देत नाही, कारण ते स्वतःच घेतात. आमच्या दोन शेतांमध्ये हद्दीचा धुरा आहे. दर वर्षी त्यांचा ट्रॅक्टर त्यातला नांगराचा एक तास कोरून नेत असे. मी बोललो की म्हणत, "किसना, जमीनच सरकून राह्यली, मी काय करू?" त्या सरकणाऱ्या जमिनीचा राग मी पुट्टीत उतरवला. गॉब्लिनांच्या वीतभर सेनापतीला हुबेहूब त्यांचे तोंड दिले: जाड खालचा ओठ, बारीक डोळे, फुगीर नाक. तोच त्या सकाळी वाळत ठेवला होता.

परत येऊन पाहतो तर कापूस वेचायला आलेल्या मानीबाईने त्याला झेंडू वाहिलेला. तांबडा प्रायमर तिला शेंदूर वाटला. "भाऊ, धुऱ्यावर देव निंगाला ना!" मी खरे सांगणार, तेवढ्यात भगवानराव आले आणि त्यांनी पायातल्या चपला काढल्या. मी तोंड मिटले. एवढाच माझा गुन्हा. तेव्हापासून दर शनिवारी मानीबाई शेंदूर चढवते, भगवानराव स्वतःच्याच तोंडापुढे नारळ फोडतात आणि ट्रॅक्टर चार हात लांबून वळतो. इतकी पक्की मोजणी तालुक्यात दुसऱ्या कोणाची झाली नसेल. फक्त रोज सकाळी घरच्या महादेवापुढे बसलो की मला मान वर करवत नाही.

सत्यभामा म्हणाली, "राहू द्या ना. धुरा वाचला, कोनाचं काय बिघडलं?"

माझे बिघडले होते.

कलम ५. आज शनिवारी सकाळी मी धुऱ्यावर गेलो. भगवानराव नारळ सोलत होते, मानीबाई शेजारी उभी होती.

"दादा, हा देव नाही. माह्या हातचा आहे, नळाच्या पुट्टीचा."

"काहून गंमत करून राह्यला बे सकाळी सकाळी?"

मी हात जोडले आणि दाभणाने शेंदराचे थर काढले. आधी कान निघाला, मग ओठ. भगवानराव वाकून पाहत राहिले.

"हे थोबाड कोनाचं हाय?"

"तुयंच."

त्यांनी नारळ खाली ठेवला. मग ते म्हणाले, "मंग चार साल मी धुरा सोडला, तो कोनाले भिऊन?"

मी दाभण सदऱ्याला पुसले.

मानीबाईने विचारले, "पन भाऊ, शेंदूर तर खरा होता ना?"



गॉब्लिन मी दोन्ही हातांनी उचलला. शेंदूर लागलेल्याला फाशांच्या खेळात बसवणे बरे नाही, म्हणून सैन्यात परत घेतला नाही. अडाण नदीत सोडला. धुरा आता मोकळा आहे. उद्या दादाच्या शेतात हरभऱ्यासाठी वखरणी आहे. ट्रॅक्टर कुठून वळवायचा, ते दादाने ठरवावे.

लिहून देणार: श्रीकृष्ण डोमाजी राऊत (सही)

साक्षीदार:
१) भगवानराव डोमाजी राऊत (सही). उचलताना हजर होतो.
२) मानीबाई (डाव्या हाताचा अंगठा)

बोरी अरब, दिनांक ८ नोव्हेंबर २०२५