काशीबाच्या शिव्या

नंदुरबार, भाद्रपद व. ९, शके १८५६
ठरलं. सौ.चे डोळे सुरतेच्या डॉक्टरला दाखवायचे. आज मिरच्या निवडताना तिने देठ टोपलीत टाकले आणि मिरच्या केरात. स्वतःच हसली. मला नाही हसू आलं.
हेडमास्तर म्हणाले, "सुरतेची माणसं खादाड, आणि तोंडाने शिवराळ. जपून राहा." म्हटलं, मला ऑपरेशनशी मतलब.

सुरत, आश्विन शु. ४
आज इस्पितळातून सुटका. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, ती व. २ ला सुटेल. तोवर वाकायचं नाही, खोकायचं नाही, रडायचं नाही, हसायचं नाही. जखम उसवली तर दृष्टी गेली, असं डॉ.नी बजावलंय.
गावी नेणं शक्य नाही. मिरचीचा मोसम उभा राहतोय, स्टेशनात उतरल्या उतरल्या ठसका लागायचा. म्हणून विणकरांच्या गल्लीत खोली घेतली. मालकीण काशीबा. विधवा बाई, जरीचं काम करते.
टांगेवाल्याने पट्टी पाहिली आणि खाली उतरला. घोड्याचा लगाम धरून अख्खा रस्ता पायी चालला, का तर चाकाचा हिसका बसू नये. वाटेत येईल त्याच्या आईबापाचा उद्धार. असली माणसं पाहिली नव्हती बुवा.

शु. ६
काशीबाच्या जिभेला काही हाड? दूधवाला, शेळी, जावई, देव, सगळ्यांना एकाच मापाने शिव्या. मी खिचडी करपवली तर मला "गधेडा". मला! सतरा वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला! मग ती खिचडी शेळीपुढे ओतली आणि घरचं ताट आणून सौ.ला स्वतः भरवलं.
समोरच्यांनी पात्रा धाडला, म्हणजे आपली अळूवडी, शेजारच्यांनी खमण. जात, गाव, कोण, कुठले, काही नाही. विचारलं एवढंच की तिखट चालेल ना. नंदुरबारच्या माणसाला!

शु. ८
सौ. सकाळपासून हसतेय. काशीबा शेळीवर ओरडली की हिचे खांदे हलतात. मी रागावलो. म्हणते, "मन्हा डोया बांधेल शेतस, कान नही."
जखम उसवली तर? जन्मभर अंधार. हिला समजत कसं नाही!

शु. ९
काशीबाला स्पष्ट सांगितलं, "हसवू नका. शिव्या बंद करा. तिच्या डोळ्यांचा प्रश्न आहे."
म्हातारीने पदर सारखा केला. मग म्हणाली, "भले, मास्तरसाहेब." म्हणजे ठीक आहे.
बरं झालं. वेळेवर बोललो.

शु. १०
दसरा. गल्ली चिडीचूप. कोणी तरी सगळ्यांना सांगितलंय. बाया दारावरून चवड्यांवर जातात, समोरच्याने तर सणाचा दिवस असून लेकराची पिपाणी काढून घेतली. शेळीसुद्धा दुसऱ्या आळीत बांधलीय. कुणी सांगावं आणि सगळ्यांनी ऐकावं, आमच्याकडे घडलं असतं का हे? आठ दिवस वाद चालला असता.
ताटं येतात, पण उंबऱ्यावर ठेवून जातात. "मास्तरसाहेब, जमी लेजो." जेवून घ्या म्हणतात आणि पळतात.

शु. ११
सौ. धड जेवली नाही. भिंतीकडे तोंड करून पडली. दुपारी विचारते, "आख्खी गल्ली चूप कशी शे? मी मरी गई का?"
आणि पट्टी ओली झाली. रडणं तर हसण्याहून वाईट. मी हात जोडले, पाया पडायचा बाकी राहिलो. माझीच अक्कल गहाण पडली होती.

शु. १२
सकाळीच काशीबाकडे गेलो. ती चाकावर जरीचा धागा गुंडाळत बसली होती. वर बघेना.
म्हटलं, "काशीबा, शिव्या द्या."
"ना रे, मास्तरसाहेब."
"चुकलो मी."
तेव्हा कुठे चाक थांबलं. "डोबा! गाळ तो पोतानाने देवाय. पारकाने कोण दे?" शिवी आपल्या माणसाला द्यायची, परक्याला कोण देतं, असं. मग पाऊण तास माझी जी पूजा बांधली, ती इथे लिहिण्यासारखी नाही. पलीकडे खाटेवर सौ. उशी तोंडाशी धरून, जपून, गालातल्या गालात हसत होती.
चारदा जेवली.

व. १
आज इथला चांदनी पडवा. सगळं शहर रस्त्यावर बसून घारी खातं. तुपात बुडवलेला मिठाईचा गोळा तो. वकील, हमाल, शेठ, एकाच सतरंजीवर. संध्याकाळी मीही बसलो, मास्तर असून, भर रस्त्यात, बोटं चाटत. सौ.ला ओट्यावर उशीला टेकवून बसवलं होतं. मला म्हणाली, "माले पहिले काशीबा देखनी शे. तुमले मंग."
वाईट नाही वाटलं. खरंच नाही.

व. २
इस्पितळ, बाहेरचा बाक. सौ.ला आत नेऊन दहा मिनिटं झाली.
तोच टांगेवाला, तसाच पायी. मागून अर्धी गल्ली. काशीबा वाटभर माझा उद्धार करत आली: टोपी वाकडी, धोतर लांब, चालतो म्हशीसारखा. मला धीर होता.
आत्ता डॉ. दारात आले, काशीबाला काही तरी हळू बोलून परत गेले. ती येऊन माझ्याशेजारी बसली. पदर सारखा केला.
म्हणाली, "बेसो, मास्तरसाहेब. बधुं सारुं थशे."
सगळं चांगलं होईल म्हणते. साहेब म्हणते. मी टोपी आणखी वाकडी करून पाहिली.
काशीबा, एक तरी शिवी दे ना